नखाएवढं हाड

आमच्या भागात ऑपरेशन चांगलं झालं की वाईट, हे डिशवरून ठरतं. आतला माणूस हिरवा पडदा सारून बाहेर येतो, त्याच्या हातात स्टीलची डिश असते आणि पेशंटचे नातेवाईक तिच्याभोवती गोळा होतात. अपेंडिक्स असो, मूतखडा असो, सगळ्यांनी वाकून बघायचं आणि मान हलवायची. डिश भरलेली असली की माणसं समाधानानं चहाला जातात. माझी डिश भरलेली होती.

त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा माझं नाक बारा महिने बंद असायचं. ‘नाकातलं हाड वाढलं’ हे निदान गावानं डॉक्टरच्या आधीच करून ठेवलं होतं. शेलूबाजारपासून थोडं आत आमचं गाव. तिथून जीप, जीपमधून उतरून एसटी, असं करत माझा थोरला भाऊ मला एका दूरच्या शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. टेबलावर आडवं व्हायच्या आधी मी मात्र त्यांना एक वाक्य बोललो.

“डॉक्टरसाहेब, आमचं वारंवार येनं होत नाई. एकदाच सगळं सफा करून टाका.”

हे वाक्य शेतकऱ्याचं आहे, पेशंटचं नाही. आमच्याकडे शेतातलं काम दोन तऱ्हांनी देतात, रोजानं किंवा गुत्त्यानं. रोजानं दिलं तर माणूस सांजेपर्यंत जेवढं होईल तेवढं करतो. गुत्त्यानं दिलं तर ‘हे एवढं वावर सफा करून दे’ म्हणायचं आणि घरी यायचं. संध्याकाळी जाऊन बघावं तर काडी दिसत नाही. तणाबरोबर कपाशीच्या चार पऱ्हाट्याही उपटलेल्या असतात, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण जे उपटलं ते दिसतच नसतं. मी माझं नाक त्या भल्या माणसाला गुत्त्यानं दिलं.

आणि त्यांनी ते सफा केलं. डिश बघून भाऊ इतका खूश झाला की गावात पोचल्यावर हाताच्या ओंजळीनं माप दाखवत सुटला. “एवढं निंगालं याच्या नाकातून,” असं तो पारावर सांगायचा आणि ओंजळ दर वेळी थोडी मोठी व्हायची.

पहिली दोन वर्षं मी त्या डॉक्टरांचे गुण गात फिरलो. नाकातून वारा असा जायचा की विचारू नका. ज्याला शिंक आली त्याला मी त्यांचा पत्ता देत होतो. तिसऱ्या वर्षापासून नाक कोरडं पडायला लागलं. खपल्या धरायच्या, पिवळ्या, कडक, आणि त्यांना वास यायचा. मला तो यायचा नाही, बायकोला यायचा. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. रोज सकाळी मिठाचं कोमट पाणी करून ठेवायची आणि मी नाक धुवायला बसलो की मागच्या दारी निघून जायची. मेथीच्या भाजीचा वास गेला, हिवाळ्यात हरभऱ्यावर धरणाऱ्या आंबट दवाचा, आंबेचा वास गेला. त्याचंही काही नाही, माणूस सवय करून घेतो.

सवय झाली नाही ती एका गोष्टीची. नाक सताड उघडं होतं आणि मला श्वास लागत नव्हता, म्हणजे जाणवतच नव्हता. छाती भरते आहे, हे डोळ्यांना दिसायचं, पण आत काही गेल्यासारखं वाटायचं नाही. पुढं ज्या ज्या डॉक्टरांकडे गेलो ते बॅटरी मारून बघायचे आणि म्हणायचे, “नाक तर एकदम मोकळं आहे.” एकानं मला मनाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. आईनं मंगरूळपीरच्या दर्ग्यात नेऊन धागा बांधून आणला. मी चिडका झालो, तो तेव्हापासून. घरातले म्हणतात की मी आधीही चिडका होतो, पण त्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. माझी बायको मात्र त्या डॉक्टरांना रोज, न चुकता, मिठाचं पाणी गरम करताना शिव्या घालायची. मी तिला कधी अडवलं नाही. ते वाक्य माझं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

आता माझ्या धाकट्या लेकीचं सांगतो. शाळेत कबड्डी खेळताना कुणाचं तरी कोपर तिच्या नाकावर बसलं होतं. तेव्हा रक्त थांबलं म्हणून आम्हीही थांबलो. बाहेरून नाक सरळ दिसायचं, आतून वाकडं झालं होतं. गेली दोन वर्षं ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे गावातल्या चार पोरी नव्या रस्त्याच्या कडेनं धावतात. तीन जणी तोंड मिटून परत यायच्या, माझी लेक तोंड वासून, ओठ फुटलेले, घसा कोरडा. लेखी परीक्षेत ती हुशार होती, गोळाही लांब फेकायची. धावण्यात दोनदा मागे पडली. दोन्ही वेळा पाय थकले नव्हते, श्वास पुरला नव्हता. वयाची अट आहे, आणखी फार संधी उरल्या नव्हत्या.

तिनं ऑपरेशनचं नाव काढलं की मी ताटावरून उठायचो.

“मले पाह्य,” मी म्हणायचो. “नाक धड होतं, तं डॉक्टरनं त्याचं वावर करून टाकलं. तुह्या नाकाले मी कोनाले हात लावू देनार नाई.”

“बाबा, तुमचं तवाचं हाय. आता तसं नाई करत.”

“तुले कोनं सांगतलं? मोबाइलनं?”

ती माझं ताट उचलून न्यायची. दोन वर्षं मी हे असं ताणलं. आज लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते, कारण लेकीचं आयुष्य मी माझ्या भीतीसाठी अडवून धरलं होतं.

शेवटी तिनं मला विचारणंच सोडलं. वाशीमला नाक-कान-घशाची एक तरुण डॉक्टरीण आली होती, तिच्याकडे ती आईला घेऊन निघाली. मी न बोलावता जीपमध्ये जाऊन बसलो. दवाखान्यात आत गेल्या गेल्या मी बाईंना सांगून टाकलं की नाकाच्या डॉक्टरांवर माझा काडीचा विश्वास नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्या मेहकरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. म्हणाल्या, “बरं, काका. मग तुम्हीच आधी बसा खुर्चीवर.”

त्यांनी ड्रॉवरमधून एक चपटी चकचकीत पट्टी काढली, चमच्याच्या दांड्यासारखी. ती माझ्या नाकाखाली आडवी धरली आणि म्हणाल्या, नाकानं श्वास सोडा. पट्टीवर दोन्ही बाजूंना वाफेचे दोन मोठे डाग उमटले. मग त्यांनी ती पुसून लेकीच्या नाकाखाली धरली. उजव्या बाजूला डाग पडला, डाव्या बाजूला काहीच नाही.

“तुमचं नाक हिच्यापेक्षा कितीतरी मोकळं आहे,” बाई म्हणाल्या.

“मंग मले काहून श्वास लागत नाई?” मी ओरडलोच जवळजवळ. हा प्रश्न मी तीस वर्षांत पन्नास जणांना विचारला होता.

त्या उत्तर न देता उठल्या. काडीएवढी बारीक एक दुर्बीण त्यांनी हळूच माझ्या नाकात घातली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं.

मी माझं नाक आतून पहिल्यांदा पाहिलं. हंगाम संपल्यावर बाजार समितीचं गोदाम असतं तसं ते होतं, मोठं, फिकट, रिकामं. भिंतींना खपल्या चिकटलेल्या. पार मागपर्यंत नजर जात होती, मध्ये काहीच नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांची नाकं अशीच असतात. मग बाईंनी लेकीच्या नाकात, चांगल्या बाजूनं, दुर्बीण घातली.

ते मी विसरणार नाही. आत जागाच नव्हती. लालसर गुलाबी, ओलं, चमकणारं मांस, भिंतीवरून आत झुकलेलं, वरून खाली एकाखाली एक लांबट वळ्या. जिवंत. बघता बघता ते किंचित हलल्यासारखं वाटलं. बाईंनी एका वळीवर औषधाचा बोळा टेकवला तर ती आमच्या डोळ्यांसमोर आक्रसत गेली, लाजाळूच्या पानासारखी. बायकोनं तोंडाला पदर लावला.

“हे वाढलेलं हाड नाही,” बाई म्हणाल्या. “हे प्रत्येकाला असतं. आपण घेतो ती हवा थंड असो की मे महिन्यातली भाजणारी असो, घशापर्यंत पोचायच्या आत ह्या वळ्या तिला ओली करतात, कोमट करतात, धूळ धरून ठेवतात. आणि हवा आत चालली आहे हे मेंदूला सांगतात तेही ह्याच. काका, तुमच्या खालच्या वळ्या पूर्ण काढलेल्या आहेत. हवा जाते. सांगणारं कुणी नाही.”

मी खुर्चीच्या हाताला धरून बसलो. दुःख झालं असं म्हणणं खरं ठरणार नाही. आधी थक्क झालो. श्वास घेणं म्हणजे भोकातून वारा जाणं, असं मी जन्मभर समजत होतो. त्या अर्ध्या बोटभर जागेत चूल आहे, रांजण आहे, दारावरचा राखणदार आहे आणि हे सगळं माझ्या लेकीच्या चेहऱ्याआड रात्रंदिवस चालू आहे, हे मला साठीला कळत होतं. मी वेडा नव्हतो हेही कळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं खरं धरलं होतं.

बाई पुढे सांगत होत्या. लेकीच्या नाकाचा मधला पडदा वाकलेला होता आणि त्यामुळे पलीकडच्या बाजूची वळी सुजून मोठी झाली होती. पूर्वी पडद्याचं बरंच हाड काढून टाकायचे. पुढं कित्येक वर्षांनी कुणाच्या पडद्याला भोक पडायचं, कुणाचं नाक वरून खचायचं. आता चौकट जपून तेवढा वाकलेला भाग सरळ करतात. आणि वळी कापून काढत नाहीत, वरची ओली त्वचा तशीच ठेवून बारीक चीर देऊन आतून कमी करतात.

“म्हंजे भरल्या कारल्यावानी,” बायको म्हणाली. “साल ठेवाची, आतून कोराचं.”

“अगदी तसंच, काकू,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “पण एक सांगते. मी कमीच काढणार. त्यामुळे एकदम सगळं मोकळं वाटेलच असं नाही. थोडं राहिलं तर पुन्हा करता येतं. जे काढलं ते परत बसवता येत नाही. आणि कसंही केलं तरी धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही.”

पुन्हा करावं लागू शकतं, हे ऐकून बायको अस्वस्थ झाली. खुर्चीत पुढे सरकून, हात जोडून ती बाईंना म्हणाली,

“बाई, आमचं वारंवार येनं होत नाई. एकदाच सगळं सफा करून टाका.”

शब्द न् शब्द तोच. मी तिला कधी सांगितला नव्हता, तिनं तो माझ्याकडून उचलला नव्हता. तो आमच्या मातीतच पडलेला होता, कुणीही वाकून उचलावा असा.

“गप बस,” मी तिच्यावर खेकसलो. दवाखान्यातली परिचारिका दारातून डोकावली. “हेच म्हनलो होतो मी त्या डॉक्टरले. हेच. त्यानं आपल्या मनानं नाई काढलं. मी सांगतलं म्हून काढलं.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तीस वर्षांच्या शिव्या एका क्षणात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या निघाल्या होत्या.

“मंग इतके दिवस मले काहून नाई सांगतलं?” तिनं हळू विचारलं.

“लाज वाटे,” मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, “काका, तेव्हा पुष्कळ ठिकाणी तसंच करायचे. तुम्ही न सांगताही कदाचित तेवढंच काढलं असतं. सगळ्यांनाच असा त्रास होत नाही, काहींना होतो. तुमच्या एका वाक्यावर सगळं टाकू नका.” त्या मला सोडवत होत्या हे कळत होतं. मी पूर्ण सुटलो नाही, पण ओझं थोडं खाली उतरलं. त्यांनी माझ्यासाठीही औषध लिहून दिलं, ओलावा टिकवणारं. गेलेलं परत येणार नाही हे स्पष्ट सांगितलं. मग मी लेकीकडे वळून म्हणालो, “कर तू.” ती एवढंच म्हणाली, “बरं, बाबा,” आणि पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. रिसोडहून लेकीचा मामा आला होता, माझ्या डिशचं माप त्यानं भावाच्या ओंजळीत पाहिलेलं होतं. भिंतीला टेकून तो मोठ्या आत्मविश्वासानं वाट बघत होता. पडदा सरला, परिचारिका डिश घेऊन बाहेर आली. आम्ही तिघं वाकलो. पांढऱ्या कापसावर हाडाचा एक तुकडा होता, नखाएवढा. एक-दोन बारीक कण आणखी. बस.

“एवढंच?” मामा म्हणाला. त्यानं डिशखाली काही राहिलं आहे का, असं बघितलं. “काम अर्धवट केलं वाटते बाईनं.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मात्र त्या डिशवरून नजर हलवू शकत नव्हतो. माझ्या आयुष्यात मी बरीच कामं करवून घेतली, विहीर खोदून घेतली, घर बांधून घेतलं, पण इतक्या जपून केलेलं काम मी पाहिलं नव्हतं. ह्या बाईंच्या हातात धारदार हत्यार होतं, समोर बेशुद्ध पोरगी होती, वरून सगळं सफा करा म्हणणारे आम्ही होतो, आणि तरी त्यांनी नखाएवढंच उचललं. बाकी सगळं जिथल्या तिथे सोडलं. ते सोडलेलं डिशमध्ये दिसत नव्हतं. मला ते दिसत होतं, कारण मी ते पडद्यावर पाहिलं होतं. माझे डोळे भरून आले.

“पूर्न केलं,” मी मामाला म्हणालो. “चहा पेऊ चाल.”

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. नाक सुजलेलं, आत रक्ताच्या गाठी, तिला वासच येईना. मला माझेच दिवस आठवायचे. बाईंनी सांगितल्याप्रमाणे ती फवारा मारायची, नाक धुवायची, तपासून घ्यायला जायची. महिन्याभरानं ती हळूहळू धावायला लागली. एक दिवस पहाटे अंगणात आली ती तोंड मिटून. मी म्हशीचं दूध काढत होतो. दुधाची धार चुकली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका सुटीच्या दिवशी ती ओसरीवर पुस्तक वाचत बसली होती. एकदम कुरकुरली, “बाबा, डावी पुन्हा बंद झाल्यावानी वाटते. बाईनं थोडं आनखी काढाले पाह्यजे होतं.”

मी उठलो. आत गेलो, स्टीलचं ताट आणलं, रांजणाजवळ ठेवलेलं, थंडगार. तिच्या नाकाखाली धरलं. उजवीकडे मोठा डाग, डावीकडे लहान, पण होता. मी डोळे ताणून त्याच्याकडे बघत राहिलो. मग तिनंच वाशीमला फोन लावला. बाई फोनवर म्हणाल्या, ताट ठेवून द्या आणि दोन-तीन तासांनी पुन्हा धरा.

आम्ही जेवलो. मी गुरांसाठी ठेवलेलं सोयाबीनचं कुटार झाकायला गेलो आणि अर्ध्यातून परत आलो, मन लागेना. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा मी ताट पुन्हा तिच्या नाकाखाली धरलं. ह्या वेळी डावीकडचा डाग मोठा होता आणि उजवीकडचा लहान.

बाईंनी दुसऱ्यांदा फोनवर सांगितलं ते मी मोठ्या आवाजावर लावून सगळ्यांनी ऐकलं. धडधाकट नाक कधीच दोन्हीकडून सारखं उघडं नसतं. एका बाजूची वळी थोडी फुगते, दुसरीकडची आक्रसते, काही तासांनी उलट. एक काम करते तेव्हा दुसरी ओलावा भरून घेते. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. सोडलेल्या वळ्या जिवंत आहेत, म्हणून ही आळीपाळी चालू आहे.

“म्हंजे घरात दोन जावा असल्यावानी,” बायको म्हणाली. “एक चुलीपुढं, एक टेकते जराशी.”

लेक हसली आणि ताट माझ्याकडे केलं. “आता तुमचं धरा, बाबा.”

मी श्वास सोडला. ताटाच्या दोन्ही बाजू एकदम धुकटल्या, दोन्ही सारख्या, तिच्यापेक्षा दुप्पट मोठ्या. लेक म्हणाली, “तुमचे तं किती मोठे हाय.” मला काहीच जाणवलं नव्हतं. श्वास बाहेर गेला, हे मला ताटावर बघून कळलं.

त्यानंतर ताट बाजूला ठेवून मी हाताचा पंजा उलटा करून तिच्या नाकाजवळ नेला, ती तान्ही असताना रात्री उठून बघायचो तसा. डावीकडून श्वास आला. कोमट होता, ओला होता. तो माझ्या हाताला लागला.